ओ आल्याशिवाय काहील हलत नाही

१

आधीच सांगते, मला भुताखेतांचं वेड नाही. गावात ज्यांना ते आहे त्यांची मी आजवर यथेच्छ टर उडवलीय, त्यामुळे मी हे सांगायला बसले की ते माझी उडवणार. उडवू देत. माझं तोंड काही कोणी बांधलेलं नाही.

आमचं शेत दिवेआगरच्या अलीकडे, खाडीच्या वरच्या अंगाला. वादळात सुपारीची वाडी आडवी झाली, तेव्हा ह्यांनी त्या जागेवर ऊस वाढवला. थोडा ऊस सासऱ्यांच्या वेळेपासून होताच. माघात गुऱ्हाळ लागायचं, काकवी व्हायची आणि गावातल्या घराघरात घावनांबरोबर आमचीच काकवी असायची. आता होमस्टेवाले बाटल्या भरून नेतात. गूळ आम्ही करत नाही. गुळाच्या थोडं आधी थांबलं की काकवी. हे थोडं आधी म्हणजे नेमकं कधी, ते आमच्याकडे एकट्या ह्यांना कळतं. हे म्हणजे माझे मालक, धर्माजी.

आमची एक रीत आहे, तेवढी नीट समजून घ्या. रस आटवायची भलीमोठी कढई म्हणजे काहील. ती चुलाणावर बसवलेली असते. ह्यांची जागा काहिलीपलीकडे, गुऱ्हाळाच्या खोपीच्या आत. चुलाणाचं तोंड मात्र अलीकडे, बाहेर. तिथे खड्ड्यात बसून काळूराम सुकी चिपाडं आत सारतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. काहील उचलताना चिपाड आत जात असेल तर जाळ भसकन वर येतो. सासऱ्यांच्या वेळी एका गड्याचे दोन्ही पाय असे भाजले, तो आमच्या चंदरचा बाप. तेव्हापासून हे चालत आलंय. पाक झाला की आतून हाक येणार, "काहील घ्याऽऽ". हाक ऐकून काळूराम बाजूला होणार. मी खोपीच्या दारात उभी, तो बाजूला झालेला डोळ्यांनी बघणार आणि ओ देणार. माझी ओ ऐकली की चंदर, त्याचा पोरगा विनेश आणि आणखी दोन गडी दांड्यांना खांदा लावणार. ओ आल्याशिवाय काहील हलत नाही. चौतीस वर्षं मी त्या दारात उभी राहतेय. वाफेत ह्यांचं तोंड दिसत नाही आणि दिसायची कधी गरज पडली नाही. आवाज पुरे होता.

तो आवाज श्रावणात गेला. घशात गाठ होती, मुंबईला नेऊन कापली, तिच्यासकट सगळंच काढलं. आता गळ्याला बटणाएवढं भोक आहे, त्यातून श्वास येतो-जातो आणि बारीक शीळ वाजते. आवाज परत यायचा नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. हे मान हलवून ऐकत होते. मी बाहेर जाऊन रडले. मला बघायला आले होते तेव्हा मी मान वर केली नव्हती. तोंड बघितलंच नाही, नुसता आवाज ऐकून हो म्हटलं होतं मी.

यंदा आम्ही असं ठरवलं, की ह्यांनी पाक ढवळायचा पळा वर उचलायचा आणि मी तो बघून काळूरामला खूण करायची, मग ओ द्यायची. ऊस चार काहिलींचा होता. दिवसाला एक.

२

पहिल्या दिवशी सकाळी चरक लागला. रस भरला, रानभेंडीचा चीक घातला, मळी वर आली ती मी झाऱ्याने काढली. दुपारी चरकाचं इंजिन बंद झालं तेव्हा खोपीत इतकी वाफ की छपराचे पत्रे दिसेनात. धूर लागू नये म्हणून हे बाहेर आंब्याखाली बसले होते. वेळ जवळ आली तसे उठले, गळ्याच्या भोकावर ओलं फडकं धरलं आणि आत गेले.

मी दारात उभी राहून पळ्याची वाट बघत होते. अगदी डोळे फाडून बघत होते. रसाचे बुडबुडे जाड झाले, त्यांचा पटपट आवाज जाऊन डबडब यायला लागला.

"काहील घ्याऽऽ."

मी काळूरामकडे बघितलं. तो बाजूला झाला होता. मी ओ दिली. गड्यांनी दांडे उचलले, काहील खाली आली, वाफ फुटली आणि हे दिसले. पळा ह्यांच्या हातात होता, कमरेइतकाच वर आलेला. हे माझ्याकडे बघत होते.

चौतीस वर्षांची सवय. हाक आली, ओ गेली. माझ्या डोक्यात तेव्हा काही शिरलंच नाही. शिरलं ते हात धुताना, आणि मी बालदीपाशीच बसकण मारली.

मग मी स्वतःला दम दिला. म्हटलं, बाई, दिवसभर इंजिन ऐकलंस, कानात काहीबाही वाजणारच. तुला हाक ऐकायची होती, ती तुझ्या कानांनी ऐकवली. गडी काय, माझ्या ओवर हलतात. माझी चूक, बाकी काही नाही. पण काळूराम? त्याला मी खूण केलीच नव्हती. मी जाऊन विचारलं, तू कशावरून बाजूला झालास? तो भाकरी खात होता.

"दादांनी हाक मारली ना," तो म्हणाला. मग त्याचा घास तोंडातच राहिला.

३

ऑपरेशन झाल्यापासून ह्यांना मला बोलवायचं असलं की हे टाळ्या वाजवतात. दोन टाळ्या म्हणजे ये, तीन म्हणजे चहा. चिडले की इतक्या जोरात वाजवतात, की शेजारची बाई विचारते, आज काय आरती आहे का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या पडवीत सुकट निवडत होते. सहज मान वर केली तर हे दारात उभे, तोंड लाल झालेलं, टाळ्यांवर टाळ्या वाजवतायत. हातावर हात पडताना मला दिसत होता. आवाज येत नव्हता.

मला वाटलं, गेले माझे कान. पन्नाशी उलटली, एवढंच राहिलं होतं. पण शेजारचा पंप चालू होता, तो ऐकू येत होता. सुपातली सुकट खसखसत होती. ह्यांनी आणखी एकदा टाळी वाजवली, सावकाश, आपल्याच हातांकडे बघत. मग हात पाठीमागे घेतले आणि काही न सांगता निघून गेले. मीही काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण भीती वाटली.

त्या दिवशीच्या काहिलीला पळा आणि हाक एकदम आली. आता पळा दिसतोय म्हटल्यावर ओ तर द्यायलाच हवी, असं मी मनाला समजावलं आणि ओ दिली. खोटं कशाला बोलू, हाकेलाच दिली. गेल्या सहा महिन्यांत घरात माझ्या एकटीच्या बडबडीशिवाय काही नव्हतं. त्या आवाजाने माझं सगळं अंग निवलं होतं.

काहील उतरली. गडी दम खात होते. खोपीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे वाफ अजून तशीच होती, तिथे दोन टाळ्या वाजल्या. चिडलेल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर ह्यांचे दोन्ही हात पळ्यावर होते.

चंदरने ऐकलं, विनेशने ऐकलं. दोघांनी खाली माना घालून दांडे भिंतीला लावले. जाताना चंदर एवढंच म्हणाला, की वहिनी, काकवी यंदा अशी उतरतेय की बास, देवाचीच कृपा. त्याला ती देवाची कृपा वाटायला हवी होती, म्हणून मी व्हय म्हटलं.

४

संध्याकाळी उजेड होता तोवर मी खोप धुंडाळली. हल्ली काय, मोबाइलमध्ये आवाज साठवून ठेवतात. ह्यांची हाक कोणीतरी कधी भरून घेतली असेल आणि आता माझी गंमत करत असेल, असं माझ्या मनात आलं होतं. तसं निघालं असतं तर मी त्या माणसाची चामडी लोळवली असती आणि पायाही पडले असते. रिकामे डबे हलवले. चिपाडांचा ढीग उपसला. पत्र्याखालच्या वाशांवर हात फिरवला, हाताला काजळी लागली. तिन्ही बाजूंना कुडाच्या भिंती, मागे दार नाही. तो कोपरा मात्र ओला होता. दुपारची वाफ सगळीकडून गेली होती आणि तिथला कूड हाताला गरम लागत होता.

मी वळले तर हे माझ्यामागे हातभर अंतरावर उभे होते. ह्यांची काठी लोखंडी टोकाची, ती पायरीवर ठकठक वाजते. ह्यांच्या चपला फटक फटक वाजतात. वाळलेल्या चिपाडांवरून चालत हे माझ्यापर्यंत आले होते आणि मला काडी मोडल्याचासुद्धा आवाज आला नव्हता.

मी घरी आले, शेळीच्या गळ्यातली घंटी सोडली आणि ह्यांच्या देखत काठीला बांधली. काठी मी हलवली तर घंटी खणखणली. ह्यांच्या हातात दिली. हलवा म्हटलं. ह्यांनी हलवली. घंटीचा लोळा इकडून तिकडे आपटत होता आणि आमच्या माजघरात नुसती शांतता होती.

हे खाली बसले. पाटी ओढली. हे चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर वाकडं. लिहिलं, "कळलंय मला. सकाळीच."

मी म्हटलं, मग उद्यापासून बंद. मी ओ देते आणि तुमचं काहीतरी जातंय. दोनदा दिली, दोन गोष्टी गेल्या. ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. लिहिलं, ऊस तोडून पडलाय. पुढचं लिहायची गरज नव्हती. तोडलेला ऊस चार दिवसांवर राहत नाही, आंबतो. आणि ह्या माणसाने उभ्या आयुष्यात एक काहील जाळली नाही की एक मोळी आंबू दिली नाही. आवाज गेला, वजन गेलं, तिखट-मिठाचा घास गेला. गुऱ्हाळ तेवढं राहिलं होतं. ते मी कोणत्या तोंडाने काढून घेणार होते?

तेवढ्यात परेशचा फोन आला. परेश आमचा मुलगा, उरणला बंदरावर त्याचे दोन ट्रेलर आहेत. मी त्याला म्हटलं, सगळं ठीक आहे, काकवी चांगली आहे. मग त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला.

"आई, बाबा बोलतायत? मागून आवाज आला त्यांचा."

हे माझ्यासमोर तोंड मिटून बसले होते. परेश फोनवर रडत होता, हसत होता, विचारत होता, कधीपासून, आधी का नाही सांगितलंस. मी म्हटलं, टीव्ही आहे रे. टीव्ही बंद होता.

५

तिसऱ्या दिवशी मी काळूरामला म्हटलं, आज ओ तू दे. मी घरी बसते.

"माझ्याच्यानं न्हाय व्हायचं, वहिनी," तो म्हणाला. "ती हाक मला न्हाय मारत."

चंदरलाही विनवलं, पळा बघा आणि उचला, हाक नको आणि ओही नको. त्याने आपल्या बापाच्या पायांचं नाव काढलं. ते पाय मी बघितलेले आहेत, म्हातारा मरेपर्यंत बसून सरकायचा. दुपारी मी पुन्हा त्या दारात जाऊन उभी राहिले.

मनाशी ठरवलं होतं, की हाक यायच्या आत, पळा हलला की ओ द्यायची. म्हणजे ओ पळ्याची होईल. रस दाटला. ह्यांचा दंड हलताना दिसला, मी तोंड उघडलं.

"कमळ."

आता हे तुम्हाला कसं सांगू? चौतीस वर्षांत ह्यांनी मला नावाने हाक मारली नाही. आमच्याकडे मारत नाहीत. अगं, ऐकलंस का, परेशची आई, फार तर ए. माझं नाव माझ्या माहेरी राहिलं आणि माहेरची माणसं एकेक करून गेली, त्यांच्याबरोबर तेही गेलं. त्या वाफेतून माझं नाव आलं, हळू आणि मऊ.

"कमळ, काहील घे."

मी ओ दिली. भान राहिलं नाही असं म्हणणार नाही, सगळं भान होतं. ओ दिली की काय होणार ते माहीत असूनही दिली. माझ्या जिवाला ते हवं होतं.

६

काहील उतरल्यावर हे घरी येऊन आडवे झाले. मी चूळ भरून बाजूला टेकले. गळ्याची ती शीळ मला गेले सहा महिने छळत होती. सुरुवातीला झोप यायची नाही, नंतर ती थांबली की जाग यायला लागली. आता ती नव्हती.

मी उठून बसले. ह्यांचं पोट खाली-वर होत होतं. भोकासमोर तळहात धरला, हाताला वारा लागत होता, गरम. खिडकीतून खोप दिसते. दुपार टळटळीत, एक पान हलत नव्हतं, आणि खोपीकडून शीळ येत होती. आत, बाहेर. आत, बाहेर. कोणीतरी शांत झोपलं होतं तिथे.

ह्यांनी डोळे उघडले. माझा हात तसाच होता. मी रडायला लागले आणि कबूल केलं. म्हटलं, ते माझं नाव घेतं हो. तुम्ही कधी घेतलं नाहीत, ते घेतं. तुम्हाला कधी घ्यावंसं वाटलं का, एवढं सांगा.

ह्यांनी पाटी मागितली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. खडूचा आवाज येत नव्हता.

"रोज. पळा धरला की मनात यायचं. लाज वाटायची."

म्हणजे ते परकं नव्हतं हो. तेच मला सगळ्यात वाईट वाटलं. परकं असतं तर शेण फेकून मारलं असतं. ते ह्यांचंच होतं, ह्यांच्यातून निघून तिथे जाऊन राहत होतं आणि मी त्याला एकेक गोष्ट हाताने नेऊन देत होते.

मी ह्यांच्या पायाला हात लावून सांगितलं, उद्या ओ देणार नाही. काहील जळली तर जळू दे. ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि ते बघणं मला मुळीच आवडलं नाही.

७

चौथ्या दिवशी मी दारात उभी राहिले ती पदराचा बोळा तोंडात कोंबून. चंदरने बघितलं, विनेशने बघितलं. हे आत गेले, ओलं फडकं धरून, नेहमीसारखे. पाऊल वाजलं नाही.

रस डबडबला. पळा वर आला.

"काहील घ्याऽऽ."

काळूराम बाजूला झाला. गडी दांड्यांपाशी उभे राहिले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दात आवळले.

"काहील घ्याऽऽ."

वाफेत पळा जोरजोरात हलत होता. हे पळा काहिलीच्या काठावर आपटत होते, लोखंडावर लोखंड, आणि ठण्ण असा आवाज नव्हता. वास बदलायला लागला. जळण्याच्या आधीचा तो वास, करपट गोड. चंदर म्हणाला, वहिनी, जाते बघा काहील. विनेश नुसताच काकी, काकी करत होता. मी मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी मनात म्हणत होते, जाऊ दे, सगळी काळी होऊन जाऊ दे, एवढा माणूस मला राहू दे.

तेव्हा मागच्या कोपऱ्यातली वाफ थोडी सरकली. हे काहिलीच्या डाव्या अंगाला होते, मला ह्यांचं डोकं दिसत होतं. कोपऱ्यात, उजवीकडे, एक गळा दिसला. गळाच, वरचं-खालचं काही नाही. सावळा, घामेजलेला, भोक नसलेला, कापल्याचा व्रण नसलेला. त्यावरची घाटी खाली गेली आणि वर आली, हाक मारण्याआधी माणूस आवंढा गिळतो तशी. ती घाटी मी ओळखत होते. मग वाफ पुन्हा मिटली.

"कमळ."

हे माझ्याकडे चालत आले. काहील सोडून, वाफेतून बाहेर, थेट दारात. जन्मात पाक सोडून बाहेर आले नव्हते. चेहरा घामाने निथळत होता. ह्यांनी माझ्या तोंडातला पदर धरला आणि सावकाश ओढून काढला, लेकराच्या तोंडातली माती काढतात तसा. एकदा मागे काहिलीकडे बघितलं. मला म्हणायचं होतं, नको, मला तुम्ही हवे आहात, मुके हवे आहात, कसेही हवे आहात. ते मी म्हटलंही. मोठ्याने, चारचौघांत म्हटलं. हे हसले. मग ह्यांचे ओठ हलले.

ह्यांच्या ओठांवर क आला, म आला, ळ आला, आणि त्याच क्षणी पाठीमागून आवाज आला, अक्षराला अक्षर जुळून. माझ्यासमोर माझा नवरा उभा होता, माझ्या डोळ्यांत बघत होता आणि माझं नाव घेत होता. मध्ये काही फट नव्हती.

"कमळ," हे म्हणाले. "ओ दे."

आता तुम्ही सांगा, कोणत्या बाईने दिली नसती?

मी ओ दिली.

८

काहील वाचली. थोडी गडद उतरली, पण करपली नाही. चंदरने बोटावर घेऊन चाखली आणि डोळे मिटले. डबे भरले, गडी आपापल्या बाटल्या घेऊन गेले. सगळ्यात शेवटी काळूरामने चुलाणातली राख ओढली. जाताना तो ह्यांच्या पाया पडला, आणि तसं तो कधी करत नाही.

सूर्य खाडीपलीकडे टेकला होता. हे ओट्यावर बसले, मी शेजारी बसले. ह्यांनी माझा हात हातात घेतला. हात ऊबदार होता. मी ह्यांना नखशिखान्त न्याहाळत होते. काय गेलं असेल, आता काय गेलं असेल? आवाज करायला ह्यांच्याकडे उरलं होतं तरी काय? पापण्या लवत होत्या. पोट हलत होतं. कपाळावर माशी बसली ती ह्यांनी उडवली.

मग मला सुचलं. मी आजूबाजूला बघितलं, कोणी नव्हतं. ह्या वयात लाज कसली? मी वाकून ह्यांच्या छातीला कान लावला.

सदऱ्याला काकवीचा वास येत होता. छाती फुगत होती, बसत होती, माझं डोकं तिच्याबरोबर वर-खाली होत होतं. मी कान दाबला. सरकवला, डावीकडे घेतला, पुन्हा दाबला. मग श्वास धरून ऐकलं. आत काही नव्हतं.

ह्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. चुलाण विझलेलं होतं आणि खोप अंधारायला लागली होती. तिकडून बारीक, सावकाश, एकसारखे ठोके येत होते. मी तिकडे बघितलं नाही. ह्यांनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि भुवया उंचावून विचारलं, काय झालं? ह्यांचे डोळे इतके शांत होते. ऑपरेशननंतर मी ह्यांना असं शांत बघितलंच नव्हतं.

"काय न्हाय," मी म्हटलं. "चला आत. घावनं टाकते."